नसांच्या आजारात अँटिबॉडी टेस्ट: आधी रक्त काढा, मग बाटली लावा

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, पुढचं वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात ठेवा. सीआयडीपी (आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते असा महिनोन् महिने चालणारा आजार), जीबीएस (गुलेन-बॅरी सिंड्रोम, तसाच पण काही दिवसांत झपाट्याने वाढणारा) किंवा त्यांच्या भाऊबंदांपैकी कुठल्याही आजाराचा संशय असेल आणि अँटिबॉडी टेस्ट लागेल अशी जरा जरी शंका असली, तर आयव्हीआयजीची (शिरेतून देतात त्या इम्युनोग्लोब्युलिनची) पहिली बाटली लागायच्या आधी रक्त काढून घ्या. टेस्ट लगेच पाठवायची नसली तरी काढा, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) वेगळं करून डीप फ्रीजरला ठेवायला सांगा. नाहीच लागलं तर फेकून देता येतं, पण बाटली लागून गेल्यावर तो आधीचा नमुना कुठून आणणार?

न्यूरोची सॅम्पल्स येतात त्या लॅबच्या टेबलावर मी बसते. काउंटरवरचं बोलणं ठरलेलं असतं. "काका, पेशंटचं आयव्हीआयजी सुरू झालंय का?" "हो मॅडम, काल रात्रीपासून, आत्ता तिसरी बाटली चालू आहे." आणि हातातल्या स्लिपवर लिहिलेलं असतं, नोडल-पॅरानोडल पॅनल, म्हणजे नसांवरच्या ठराविक प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडींची टेस्ट, तिच्याबद्दल पुढे सांगते. मग मी वॉर्डला फोन लावते. यात नातेवाइकांना काय बोलणार, पेशंटचे पाय दोन दिवसांत लुळे पडत असताना अँटिबॉडीचा विचार कुणाच्या डोक्यात येतो? आणि टेस्टसाठी उपचार थांबवा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उपचार थांबवायचे नसतातच. पाच मिलीची एक ट्यूब काढायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढा आणि मग खुशाल बाटली लावा.

असं का, तर आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेल्या अँटिबॉडी. डोस साधारण किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दोन ते पाच दिवसांत १२० ग्रॅम परक्या लोकांचं आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) जातं. दहा गावच्या विहिरींचं पाणी आपल्या विहिरीत ओतायचं आणि मग आपल्या विहिरीचं पाणी तपासायला पाठवायचं, तसला प्रकार. आयजीजीचं अर्धं आयुष्य तीनेक आठवड्यांचं असतं, त्यामुळे हा घोळ महिना-दीड महिना तरी राहतो. प्लाझ्मा एक्सचेंजचं (पेशंटचा प्लाझ्मा काढून बदलण्याचं) उलटं, त्यात अँटिबॉडी धुऊनच निघतात, सो खरा पॉझिटिव्ह पेशंटसुद्धा निगेटिव्ह दिसू शकतो. एफगार्टिजिमॉड म्हणून नवं औषध आहे, अमेरिकेत २०२४ मध्ये सीआयडीपीसाठी मान्य झालं, तेही शरीरातलं सगळं आयजीजी खाली आणतं, म्हणजे ते चालू असताना काढलेल्या रक्ताला तोच नियम.

त्याच सुईत अजून एक काम उरकून घ्या, हे फार कमी लोक सांगतात. हिपॅटायटिस बीची तपासणी, त्यात एचबीएसएजी (विषाणूचं प्रथिन) तर असतंच पण कोअर अँटिबॉडी (जुन्या संसर्गाचीही खूण) पण. पुढे रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी कमी करणारं औषध) द्यायची वेळ आली तर ही टेस्ट बघितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण जुना दबलेला हिपॅटायटिस बी त्या औषधाने उसळी मारू शकतो. आणि आयव्हीआयजीनंतर हीच कोअर अँटिबॉडी दात्यांकडून आलेली असू शकते, मग पेशंट घाबरतो, लिव्हरवाल्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात, आणि मूळ आजार बाजूला राहतो. एका ट्यूबचा प्रश्न होता.

टेस्टच्या आधी काय हवं

एनसीव्ही. नसांची कंडक्शन टेस्ट, ती शॉक देणारी. पायाला मुंग्या येतात म्हणून गूगल करून थेट अँटिबॉडी पॅनल करायला येणारे लोक असतात, त्यांना मी परत पाठवते, निदान प्रयत्न तरी करते. मायलिनचं आवरण खराब झालंय की आतली नस, एका बाजूला जास्त आहे की दोन्हीकडे सारखं, कंडक्शन ब्लॉक आहे का म्हणजे नसेत मध्येच सिग्नल अडतोय का, हे कळल्याशिवाय कुठली अँटिबॉडी शोधायची तेच ठरत नाही. शुगर, बी १२, थायरॉइड, एचआयव्ही ही साधी तपासणी पण आधीच व्हायला हवी. डायबेटिसवाल्यांना सीआयडीपीचं लेबल लागून वर्षानुवर्षं महागडं आयव्हीआयजी चालू असल्याची उदाहरणं जगभर आहेत, अमेरिकेतल्या एका अभ्यासात सीआयडीपी म्हणून रेफर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना तो आजार नव्हताच.

आणि एक टेस्ट जी स्वस्त आहे, जवळपास प्रत्येक मोठ्या लॅबमध्ये होते, पण स्लिपवर अर्धवट लिहिलेली असते: सीरम इलेक्ट्रोफोरेसिसच्या जोडीला इम्युनोफिक्सेशन, दोन्ही रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघण्याच्या टेस्ट. नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये छोटा एम-बँड (एकाच प्रकारच्या अँटिबॉडीचा जास्तीचा पट्टा) निसटतो, फिक्सेशनमध्ये सापडतो. हा बँड सापडला तर पुढचा रस्ताच बदलतो, आयजीएम (अँटिबॉडीचा दुसरा प्रकार) असेल तर अँटी-मॅगकडे, म्हणजे मायलिनमधल्या मॅग प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीकडे, लॅम्डा (अँटिबॉडीतल्या साखळीचा एक प्रकार) असेल आणि सोबत प्लेटलेट वाढलेल्या, पायाला सूज, कातडी काळवंडलेली असं काही असेल तर पोएम्स सिंड्रोमचा (प्लाझ्मा पेशींच्या बिघाडातून होणाऱ्या आजाराचा) विचार करून व्हीईजीएफ या प्रथिनाची पातळी बघतात. पोएम्स एनसीव्हीवर हुबेहूब सीआयडीपीसारखा दिसू शकतो आणि उपचार पूर्ण वेगळे, म्हणून हे महत्त्वाचं.

कुठल्या आजाराला कुठली अँटिबॉडी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे पेशंट एकदम वाढले तेव्हापासून लोकांना जीबीएस शब्द पाठ झालाय, आणि त्याचबरोबर "जीबीएसची अँटिबॉडी टेस्ट करा" ही मागणीही. तर साध्या जीबीएसला, म्हणजे पायापासून सुरू झालेली कमजोरी वर चढत जाते, रिफ्लेक्स जातात, तसल्या सरळ केसमध्ये अँटिबॉडी टेस्ट लागत नाही. २०२३ च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही रूटीन करू नका असंच आहे. निदान पेशंटला तपासून, एनसीव्हीवरून आणि पाठीतल्या पाण्यावरून होतं, उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत, आणि रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहतं. त्या साथीत काही पेशंटच्या स्टूलमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला होता. या जंतूच्या बाहेरच्या आवरणाची रचना आपल्या नसांवरच्या जीएम१ गँगलिओसाइडशी (साखर जोडलेल्या चरबीच्या रेणूशी) मिळतीजुळती असते, त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी नसेवरच तुटून पडते. पण जंतू शोधायला स्टूल लागतो, ती टेस्ट वेगळी, अँटिबॉडीची वेगळी, दोन्ही एकच समजून लोक गोंधळतात.

याला अपवाद मिलर फिशर, जीबीएसचाच एक प्रकार. डोळे हलत नाहीत, एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो, रिफ्लेक्स नाहीत. इथे जीक्यू१बी आयजीजी जरूर करा, दहातल्या आठ-नऊ जणांत पॉझिटिव्ह येते, आणि लवकर करा कारण ही अँटिबॉडी आजाराच्या सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असते, मग झपाट्याने उतरते. सोबत गुंगी आली, पेशंट झोपेतच राहायला लागला तर बिकरस्टाफ एन्सेफलायटिस (मेंदूच्या देठाची सूज), त्यालाही हीच टेस्ट.

एका हाताचं मनगट लोंबायला लागलं, बोटं सरळ होत नाहीत, पण बधीरपणा अजिबात नाही, आणि हे महिनोन् महिने हळूहळू वाढतंय, तर मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी, एमएमएन. इथे जीएम१ आयजीएम. साधारण निम्म्या पेशंटमध्ये सापडते, म्हणजे निगेटिव्ह आली म्हणून एमएमएन नाही असं होत नाही. पण आली तर फार उपयोगाची, कारण या लोकांना मोटर न्यूरॉन डिसीज सांगून घरी पाठवलं जाण्याची भीती असते, आणि एमएमएनला आयव्हीआयजी चांगलं लागू पडतं. स्टेरॉइडने मात्र हे पेशंट बिघडू शकतात.

साठी-सत्तरीतला माणूस, बहुतेक वेळा पुरुष, तळपाय बधीर, चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही आणि मागून कुणीतरी "अहो काका, चप्पल" म्हणून हाक मारतं, हातांना बारीक कंप, आणि इम्युनोफिक्सेशनवर आयजीएम बँड. याला अँटी-मॅग. आयजीएम बँड नसेल तर अँटी-मॅग मागवायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा की खरंच हवी का, बँडशिवाय ती पॉझिटिव्ह येणं दुर्मिळ.

आता ज्याच्यासाठी हल्ली सगळ्यात जास्त सॅम्पल येतात ते नोडल-पॅरानोडल पॅनल. न्यूरोफॅसिन १५५, कॉन्टॅक्टिन-१, कॅस्पर-१, आणि पॅन-न्यूरोफॅसिन. नसेवर मायलिनचं आवरण सलग नसतं, मध्ये मध्ये उघड्या जागा असतात, त्यांना रानव्हिएच्या नोड म्हणतात, आणि नोडच्या दोन्ही कडांना मायलिन नसेला घट्ट चिकटवून ठेवणारी ही प्रथिनं असतात. अँटिबॉडी तिथे जाऊन तो जोड सोडवते. एनसीव्हीवर दिसतं सीआयडीपीसारखंच, पण मायलिन खऱ्या अर्थाने सोललं जात नाही, म्हणून २०२१ च्या युरोपियन गाइडलाइनने याला सीआयडीपीतून बाहेर काढून ऑटोइम्यून नोडोपॅथी असं वेगळं नाव दिलं. सीआयडीपी म्हणून बघितलेल्या सगळ्या पेशंटमध्ये हे साधारण ५ ते १० टक्केच असतात, पण या टक्क्यांना शोधणं फार गरजेचं, कारण यांच्या अँटिबॉडी बहुतेक आयजीजी४ (आयजीजीचा एक उपप्रकार) प्रकारच्या असतात, आयव्हीआयजी त्यांच्यावर नीट चालत नाही, आणि रिटुक्सिमॅबने मात्र चांगला फरक पडतो.

संशय कधी घ्यायचा? आयव्हीआयजी झालं, स्टेरॉइड झाले, पेशंट तसाच. किंवा जीबीएस म्हणून सुरुवात झाली, बरं वाटलं, परत घसरला, परत बाटल्या, परत घसरला, असं तीन वेळा झालं किंवा आठ आठवडे उलटूनही घसरतोच आहे. किंवा तरुण मुलगा, हातांना संथ आणि मोठा कंप, ग्लास तोंडाशी नेताना पाणी सांडतं, चालताना झोकांड्या, पाठीतल्या पाण्यात प्रोटीन भरमसाठ, तर न्यूरोफॅसिन १५५ डोक्यात यायला हवी. कॉन्टॅक्टिन-१ वाल्यांना किडनीचा त्रास जोडीला असू शकतो, लघवीतून प्रोटीन जाणं, सूज, म्हणून न्यूरोपॅथीच्या पेशंटची साधी लघवी तपासणी सोडू नका, आणि कुणी नेफ्रोलॉजीवाले हे वाचत असतील तर तुमच्या मेम्ब्रेनसवाल्या (किडनीच्या गाळणीच्या आजाराच्या) पेशंटला हातापायांचं विचारा. कॅस्पर-१ मध्ये वेदना जास्त असू शकतात. पॅन-न्यूरोफॅसिन सगळ्यात भयंकर, चारही हातपाय, चेहरा, श्वास, व्हेंटिलेटर, सगळं काही दिवसांत, लोक याला भारी जीबीएस समजतात.

स्लिपवर काय लिहायचं, कारण गडबड इथेच होते

नावं सारखी असल्यामुळे चुकीची टेस्ट लागते, आणि ही काही हजारांची टेस्ट असते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे निर्धास्त होतात. एकदा अडुसष्ट वर्षांच्या आजोबांची स्लिप आली, तळपाय बधीर, आयजीएम बँड, आणि खाली लिहिलेलं अँटी-मॉग. मॉग हा मेंदू, मणका आणि डोळ्याच्या नसेचा मामला, हातापायांच्या नसांचा मॅग. एका अक्षराचा फरक. तसंच कॅस्पर-१ आणि कॅस्पर-२. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस पॅनलमध्ये एलजीआय१ च्या शेजारी बसलेली असते ती कॅस्पर-२, नोडोपॅथीला हवी कॅस्पर-१, आणि "कॅस्पर निगेटिव्ह आलंय की" म्हणून जुना रिपोर्ट दाखवणारे बरेच भेटतात. पॅरानिओप्लास्टिक पॅनल, ज्यात हू, यो वगैरे असतं, ते पण वेगळं. आणि सीरम आयजीजी४ लेव्हल म्हणून जी टेस्ट मिळते ती रक्तातलं एकूण आयजीजी४ मोजते, न्यूरोफॅसिनविरुद्धची आयजीजी४ अँटिबॉडी मोजत नाही. ती नॉर्मल आली तर नोडोपॅथी नाही असं समजू नका.

म्हणून स्लिपवर पूर्ण नाव लिहून घ्या, आयजीजी की आयजीएम ते लिहून घ्या, आणि खाली चार ओळी: आजार कधी सुरू झाला, एनसीव्ही काय म्हणतंय, आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा एक्सचेंजची शेवटची तारीख, रिटुक्सिमॅब कधी झालं. या चार ओळी असल्या की रिपोर्ट वाचणाऱ्याचं अर्धं काम होतं. नसल्या की आम्ही फोन करत बसतो आणि तुम्ही फोन उचलत नाही कारण नंबर अनोळखी असतो.

लॅबला एक प्रश्न नक्की विचारा: पद्धत कुठली? नोडल अँटिबॉडीसाठी सेल-बेस्ड अ‍ॅसे (पेशींवर करायची टेस्ट) बरी, म्हणजे माणसाचं ते प्रथिन पेशींवर उगवून त्यावर पेशंटचं सीरम टाकून बघतात, आणि पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या पद्धतीने, एलायझाने किंवा उंदराच्या नसांचे तंतू सुटे करून त्यांवर लावून, खात्री करतात. गँगलिओसाइडचं प्रोफाइल बहुतेक ठिकाणी पट्टीवर होतं, एकाच पट्टीवर जीएम१, जीडी१ए, जीक्यू१बी वगैरे रेघा. आणि बॅच कधी लावता तेही विचारा, ही रोज होणारी टेस्ट नाही, दूरच्या लॅबला जाते, आठवडा-दोन आठवडे सहज लागतात.

रक्त साधं, लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, उपाशीपोटी यायची गरज नाही. अँटिबॉडी तशा टिकाऊ, काही दिवस फ्रीजमध्ये ठीक, जास्त ठेवायचं तर सीरम दोन छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० किंवा उणे ८० ला. वाटून यासाठी की एक वापरली तर दुसरी गोठलेलीच राहील, परत परत वितळवून गोठवलं तर सीरम खराब होतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

लाल अक्षरात पॉझिटिव्ह दिसलं की काळजाचा ठोका चुकतो, मान्य. पण पट्टीवरच्या बारीक आयजीएम रेघा, "वीक पॉझिटिव्ह" किंवा "बॉर्डरलाइन", या धडधाकट माणसांत पण दिसतात. त्यातही आयव्हीआयजीनंतरचं रक्त असेल तर आयजीजीच्या बारीक रेघांना फार भाव देऊ नका.

अँटी-मॅगचा आकडा बीटीयू या एककात येतो, १००० च्या खाली निगेटिव्ह. समजा डायबेटिसवाल्या काकांचा आला १४००, एनसीव्हीवर शुगरची साधी न्यूरोपॅथी, एम-बँड नाही. हा रिपोर्ट पॉझिटिव्ह छापून येतो, आणि तरी अँटी-मॅग न्यूरोपॅथी म्हणायला तो पुरत नाही. खऱ्या पेशंटचे आकडे बहुधा दहा हजारांच्या वर असतात, बँड असतो, आणि एनसीव्हीवर नसांच्या अगदी टोकाशी वेग ढासळलेला असतो. शिवाय सगळं जुळलं तरी लगेच औषध सुरू होईलच असं नाही, हा आजार फार संथ चालतो, ज्यांना फक्त थोडा बधीरपणा आहे त्यांना कित्येकदा नुसतं नजरेखाली ठेवतात. घरच्यांना हे पटत नाही, "पॉझिटिव्ह आहे ना मग औषध का नाही", पण रिटुक्सिमॅबने यातल्या सगळ्यांना फायदा होत नाही, साधारण तिघातल्या एकाला ते निम्म्यांना होतो, तेव्हा सत्तरीच्या माणसाला कशासाठी देतोय हे बघावं लागतं.

निगेटिव्ह आली तर? नेहमीच्या सीआयडीपीची अशी ओळखीची अँटिबॉडी अजून सापडलेलीच नाही, बहुतेक पेशंट सगळ्या पॅनलला निगेटिव्हच येतात. सीआयडीपीचं निदान तपासणी आणि एनसीव्हीवर उभं असतं, निगेटिव्ह रिपोर्टने ते पडत नाही. "अँटिबॉडी नाही म्हणजे आजार नाही" असं म्हणून चालू असलेलं औषध बंद करू नका प्लीज, हे मी काउंटरवर हात जोडून सांगते.

आणि नोडल अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, रिटुक्सिमॅब सुरू झालं, तर टायटरचा आकडा, म्हणजे सीरम किती पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह येतं तो, जपून ठेवा, १:१०० की १:१००० ते. न्यूरोफॅसिन १५५ मध्ये औषध लागू पडलं की टायटर उतरतो, कधी पूर्ण निगेटिव्ह होतो. पेशंट परत बिघडला तर डॉक्टर पुन्हा मागवतील, तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये त्याच पद्धतीने करा, एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळवायला गेलात तर काही हाती लागत नाही. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फक्त पहिलं पान पाठवू नका, पद्धत आणि सॅम्पलची तारीख बहुधा शेवटच्या पानावर असते.